न वाचलेला अर्ज

आज्ञापालन हा सद्गुण आहे, हे आम्ही सेमिनरीत शिकलो आणि पुढे जवळजवळ तीस वर्षे वेदीवरून लोकांना शिकवीत आलो. आईवडिलांची आज्ञा, गुरुजनांची आज्ञा, ख्रिस्तसभेची आज्ञा, राज्याचा कायदा, या साऱ्यांविषयी आम्ही पुष्कळ बोललो. या सद्गुणाला दुसरी एक बाजू आहे आणि ती आज्ञा देणाऱ्याने पाळायची असते, ही गोष्ट मात्र आमच्या नीट ध्यानी यायला टेबलाचा एक खण आवरावा लागला.

गेल्या पावसाळ्यात, कागदांना वाळवी लागू नये म्हणून आम्ही तो खण रिकामा करीत होतो. जुन्या पावत्या आणि लग्नपत्रिका यांच्याखाली वहीच्या पानावर लिहिलेला एक अर्ज निघाला. आमच्या धर्मग्रामातील एका आळीतील अकरा स्त्रियांचा. नऊ सह्या, दोन अंगठे. मागणी इतकीच, की मुख्य चर्चमधील रविवारची पहिली मिस्सा अर्धा तास अलीकडे घ्यावी, म्हणजे प्रार्थना चुकणार नाही आणि भाजीच्या पाट्या घेऊन बाजाराची गाडीही गाठता येईल. तारीख सात महिन्यांपूर्वीची होती. अर्ज आमच्या हाती आल्याचे आम्हांला अंधुक आठवत होते. वाचल्याचे आठवत नव्हते. त्या सात महिन्यांत या स्त्रिया मिस्सेला दिसेनाशा झाल्याचे मात्र आमच्या नजरेतून सुटले नव्हते. उपवासकाळात आम्ही रविवार पाळण्याविषयी व आज्ञाधारकपणाविषयी एक कडक प्रवचन केले होते आणि रोख कोणावर आहे हे ऐकणाऱ्यांना चांगलेच कळले होते.

योगायोग असा, की त्याच आठवड्यात युवकांच्या अभ्यासवर्गात एका मुलाने विचारले, "फादर, राज्यकर्त्यांविरुद्ध बंड करणे हे पाप आहे का?" वर्गात अमेरिकेच्या स्वातंत्र्ययुद्धाचा विषय चालू होता. त्या देशाच्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्याला २०२६ साली अडीचशे वर्षे पूर्ण होतात. उत्तर देण्यासाठी आम्ही तो इतिहास पुन्हा वाचावयास घेतला आणि वाचता वाचता तो खणातला कागद वारंवार डोळ्यांपुढे येऊ लागला. का, ते पुढे स्पष्ट होईल.

एक गोष्ट प्रथमच सांगितली पाहिजे. अमेरिकेतील तेरा वसाहतींमध्ये राहणारे हे लोक जन्मजात बंडखोर नव्हते. १७६३ साली इंग्लंडने फ्रान्सविरुद्धचे सात वर्षांचे युद्ध जिंकले, तेव्हा बॉस्टनपासून चार्ल्सटनपर्यंत आनंद साजरा झाला. तिसरा जॉर्ज हा आपला राजा आणि आपण जगातील सर्वांत मुक्त राज्याचे प्रजाजन, अशी त्यांची भावना होती. त्यांच्यावरील कराचा बोजा इंग्लंडमधील लोकांपेक्षा हलका होता. जमीन मुबलक होती. बहुतेक वसाहतींत लोकांनी निवडलेली विधिमंडळे होती. असे लोक अवघ्या तेरा वर्षांत राजाशी असलेले नाते तोडून टाकतात, हे कसे घडले?

राज्यकर्त्यांची बाजूही न्यायाने ऐकली पाहिजे. युद्धामुळे इंग्लंडचे राष्ट्रीय कर्ज सुमारे साडेसात कोटी पौंडांवरून तेरा कोटींच्या वर गेले होते. अमेरिकेत सुमारे दहा हजार सैनिक ठेवायचे ठरले होते. ज्यांच्या रक्षणासाठी हे सैन्य, त्यांनी त्याचा थोडा खर्च सोसावा, हे म्हणणे अवाजवी नव्हते. म्हणून मार्च १७६५ मध्ये पार्लमेंटने मुद्रांक कायदा संमत केला. वर्तमानपत्रे, कोर्टाची कागदपत्रे, परवाने, इतकेच काय पण खेळण्याचे पत्ते आणि फासे, यांवर सरकारी मुद्रांकाचा कर बसला.

वसाहतींचा आक्षेप रकमेला नव्हता. इंग्रज परंपरेप्रमाणे कर ही प्रजेने आपल्या प्रतिनिधींमार्फत राजाला दिलेली देणगी होय. पार्लमेंटमध्ये आमचा एकही प्रतिनिधी नसता ते आमच्या खिशात हात कसे घालते, असा त्यांचा प्रश्न होता. कायदा होण्यापूर्वीच काही वसाहतींनी त्याविरुद्ध अर्ज पाठविले होते. पार्लमेंटने ते स्वीकारलेच नाहीत. करविषयक विधेयकाविरुद्धचे अर्ज घ्यायचे नाहीत, असा सभागृहाचा प्रघात होता. प्रघात जुना होता आणि त्यामागे कारणेही असतील, पण जिथे आपला प्रतिनिधी नाही तिथे अर्जालाही प्रवेश नसेल, तर माणसाने बोलायचे तरी कोठे?

बोलायला जागा उरली नाही की माणसे दुसऱ्या मार्गाने बोलतात. ऑगस्ट १७६५ मध्ये बॉस्टनच्या जमावाने मुद्रांक अधिकाऱ्याची प्रतिमा झाडाला टांगली आणि काही दिवसांनी उपराज्यपाल हचिन्सन यांचे घर लुटून उद्ध्वस्त केले. हचिन्सन स्वतः त्या कायद्याच्या बाजूचे नव्हते, पण जमाव एवढा विचार करीत नाही. ऑक्टोबरमध्ये नऊ वसाहतींचे प्रतिनिधी न्यूयॉर्कला जमले आणि त्यांनी अत्यंत नम्र भाषेत राजाला व पार्लमेंटला अर्ज लिहिले. व्यापाऱ्यांनी इंग्लंडच्या मालावर बहिष्कार घातला. मार्च १७६६ मध्ये कायदा रद्द झाला. तो मुख्यतः व्यापार बुडू लागला म्हणून रद्द झाला, अर्जांतील युक्तिवाद पटला म्हणून नव्हे. त्याच दिवशी पार्लमेंटने दुसरा एक कायदा करून, वसाहतींना कोणत्याही बाबतीत बांधून घेण्याचा आपला अधिकार अबाधित असल्याचे जाहीर केले. वसाहतींतील लोकांनी यातून जो धडा घ्यायचा तो घेतला. विनंतीने काही मिळत नाही, नुकसान केले म्हणजे मिळते. असा धडा प्रजेला शिकविणारा राज्यकर्ता आपल्या हाताने आपली मुळे तोडीत असतो.

१७६७ साली काच, शिसे, रंग, कागद आणि चहा यांवर नवीन जकात आली. मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाने इतर वसाहतींना पत्र लिहून, आपण सर्वांनी मिळून राजाकडे दाद मागू या, असे सुचविले. लंडनहून हुकूम आला की ते पत्र मागे घ्या, नाही तर विधिमंडळ बरखास्त होईल. १७ विरुद्ध ९२ मतांनी सभासदांनी नकार दिला आणि विधिमंडळ बरखास्त झाले. वाचकहो, येथे क्षणभर थांबावे. आतापर्यंत अर्जाकडे दुर्लक्ष होत होते. आता एकत्र येऊन अर्ज करणे हाच अपराध ठरला. १७६८ साली बॉस्टनमध्ये सैन्य उतरले. ५ मार्च १७७० रोजी जमाव आणि सैनिक समोरासमोर आले, गोळीबार झाला आणि पाच माणसे मेली. तरीही त्या सैनिकांचे वकीलपत्र घेतले ते वसाहतींच्या हक्कांसाठी झगडणाऱ्या जॉन अॅडम्स यांनी. अधिकारी व सहा सैनिक निर्दोष सुटले, दोघांवर सदोष मनुष्यवधाचा ठपका आला. कायद्यावरील श्रद्धा अजून शिल्लक होती, हे यावरून दिसते.

त्यानंतर जकात रद्द झाली, पण चहावरची तेवढी राहिली. येथे या कथेचा एक धागा आपल्या देशाला येऊन मिळतो. बंगालचा कारभार हाती आलेली ईस्ट इंडिया कंपनी कर्जात बुडाली होती आणि तिच्याजवळ सुमारे पावणेदोन कोटी रत्तल चहा पडून होता. तो चीनमधून आणलेला चहा अमेरिकेत स्वस्तात विकण्याची मुभा १७७३ च्या कायद्याने कंपनीला दिली. वसाहतींतील काही विचारवंतांना ही कंपनी कोण आहे, हे ठाऊक होते. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांनी त्या वर्षी लिहिलेल्या एका लेखात, कंपनीने आशियात केलेली लूट आणि बंगालच्या दुष्काळात माणसे मरत असता साधलेला नफा, यांची आठवण देऊन देशबांधवांना सावध केले. आमच्या पूर्वजांचे हाल समुद्रापलीकडच्या अनोळखी माणसांना इशारा देऊन गेले होते. पुढे त्याच साम्राज्याशी त्याच वर्षांत मराठेही लढत होते. जनरल गॉडर्डने डिसेंबर १७८० मध्ये वसईचा किल्ला घेतला, तेव्हा अमेरिकेतील युद्ध अद्याप चालू होते. ऑक्टोबर १७८१ मध्ये यॉर्कटाउन येथे ज्याचे सैन्य शरण गेले, तो लॉर्ड कॉर्नवॉलिस १७८६ साली गव्हर्नर-जनरल होऊन कलकत्त्यास आला.

चहाकडे परत वळू. १६ डिसेंबर १७७३ च्या संध्याकाळी बॉस्टनमधील एका मोठ्या प्रार्थनागृहात हजारो माणसे बसून होती. समुद्रात चहा फेकल्याचे आपण शाळेत शिकतो. त्याआधी ही माणसे कशाची वाट पाहत होती, हे सहसा कोणी सांगत नाही. ती एका अर्जाच्या उत्तराची वाट पाहत होती. चहा न उतरविता जहाज परत नेऊ द्यावे, ही विनंती घेऊन जहाजाचा मालक राज्यपालांकडे गेला होता. राज्यपाल होते तेच हचिन्सन, ज्यांचे घर जमावाने लुटले होते. अंधार पडल्यावर मालक नकार घेऊन परतला. त्यानंतर ३४२ पेट्या समुद्रात गेल्या. परक्याच्या मालाची ही नासधूस होती, तिला आम्ही सत्कृत्य म्हणणार नाही. पण दोन्ही बाजूंनी एकमेकांच्या जखमा किती खोल गेल्या होत्या, ते त्या रात्रीवरून कळते.

बातमी लंडनला पोहोचली. तेथे मॅसॅच्युसेट्सचे मुखत्यार म्हणून बेंजामिन फ्रँकलिन राहत होते. हचिन्सन यांना पदावरून दूर करावे, असा तेथील विधिमंडळाचा अर्ज त्यांनी सादर केला होता. २९ जानेवारी १७७४ रोजी प्रिव्ही कौन्सिलपुढे त्याची सुनावणी झाली. फ्रँकलिन यांच्याकडून एक चूक झाली होती, हचिन्सन यांची खासगी पत्रे त्यांनी बॉस्टनला पाठविली होती. सरकारी वकिलाने तो दोष पकडून, अर्जाचा विचार बाजूलाच ठेवून, भरसभेत त्यांची तासभर निंदानालस्ती केली. सभासद हसत होते. अडुसष्ट वर्षांचे फ्रँकलिन एक शब्द न बोलता उभे राहिले. अर्ज फेटाळला गेला आणि त्यांची टपालखात्यातील नोकरीही काढून घेतली गेली. साम्राज्य टिकावे म्हणून वर्षानुवर्षे खटपट करणारा माणूस त्या सभेने गमावला.

पुढील घटना झपाट्याने घडल्या. १ जून १७७४ पासून बॉस्टन बंदर बंद झाले. मॅसॅच्युसेट्सच्या सनदेतील हक्क काढून घेतले गेले. सप्टेंबरमध्ये बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियाला जमले. त्यांनी राजाला पुन्हा अर्ज पाठविला. तो पार्लमेंटपुढे इतर कागदांच्या ढिगात ठेवला गेला आणि त्याकडे विशेष कोणी पाहिले नाही. १९ एप्रिल १७७५ रोजी लेक्सिंग्टन व काँकर्ड येथे रक्त सांडले. त्यानंतरही, जुलैमध्ये, डिकिन्सन यांच्या आग्रहावरून काँग्रेसने राजाकडे समेटाचा शेवटचा अर्ज धाडला. तिसऱ्या जॉर्जने तो स्वीकारण्यासच नकार दिला आणि २३ ऑगस्टला वसाहतींनी बंड केल्याचे जाहीर केले. ४ जुलै १७७६ च्या जाहीरनाम्यात राजाविरुद्धच्या तक्रारींची लांबलचक यादी आहे. तिच्या शेवटी लेखक सांगतात, की प्रत्येक वेळी आम्ही नम्रपणे दाद मागितली आणि प्रत्येक वेळी उत्तरादाखल नवी इजा झाली. आमच्या मते त्या यादीतील खरे मर्म येथे आहे.

आता कोणी म्हणेल, की ज्याला बंडच करायचे आहे तो अर्ज लिहितो तो केवळ निमित्तासाठी. या आक्षेपात तथ्य नाही असे नाही. शेवटचा अर्ज संमत झाला त्याच आठवड्यात काँग्रेसने शस्त्र उचलण्याची कारणे सांगणारे पत्रकही संमत केले होते. जॉन अॅडम्स यांना तो अर्ज निरर्थक वाटत होता. अर्जदारांत काही निष्ठावंत होते, काही कावेबाज होते, बहुतेकांच्या मनात दोन्ही भाव असावेत. पण अर्ज वाचल्याशिवाय त्यांतील कोण कोणता, हे राजाला कळणार कसे? वाचणारा राजा प्रामाणिकांना कावेबाजांपासून वेगळे करू शकला असता. न वाचणाऱ्या राजाने त्या सर्वांना एका ओळीत उभे केले. डिकिन्सन यांनी जाहीरनाम्यावर सही केली नाही, पण युद्धात ते वसाहतींच्या बाजूनेच उभे राहिले.

आता त्या युवकाच्या प्रश्नाकडे वळू. तो प्रश्न त्या काळच्या धर्मोपदेशकांपुढेही होता. संत पौल रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या तेराव्या अध्यायात, अधिकार देवापासून आहे म्हणून त्याच्या अधीन असा, असे शिकवितो. बॉस्टनचे पाळक जोनाथन मेह्यू यांनी १७५० साली याच वचनावर प्रवचन करून सांगितले, की पौल जनतेचे कल्याण करणाऱ्या अधिकाराविषयी बोलतो, लोकांना छळणाऱ्याला या वचनाचा आधार घेता येणार नाही. मेरीलँडचे अँग्लिकन धर्मगुरू जोनाथन बाउचर यांनी त्याच बायबलच्या आधारे राजनिष्ठेचा उपदेश केला. लोक इतके चिडले, की भरलेली पिस्तुले जवळ ठेवून त्यांना प्रवचन करावे लागे. शेवटी १७७५ साली ते इंग्लंडला निघून गेले. दोघेही विद्वान, दोघेही प्रामाणिक. एकच वचन एकाच्या हाती ढाल झाले, दुसऱ्याच्या हाती तलवार.

आमची परंपरा या दोहोंच्या मधून वाट काढते. संत थॉमस अक्वायनस यांच्या मते जुलमी राजवट उलथून टाकणे हे फितुरीचे पाप नव्हे, कारण प्रजेत फूट पाडणारा खरा फितूर तो जुलमी राजाच. मात्र त्या उलथापालथीतून जुलमापेक्षा मोठा अनर्थ ओढवू नये. शिवाय हे कार्य कोणा एकट्याने आपल्या मनाने करावयाचे नाही, ते लोकांच्या वतीने बोलणाऱ्या अधिकृत संस्थेने करावे. १९९२ साली प्रसिद्ध झालेल्या ख्रिस्तसभेच्या धर्मशिक्षणग्रंथाने सशस्त्र प्रतिकारासाठी पाच अटी सांगितल्या आहेत. मूलभूत हक्कांची निश्चित, गंभीर आणि दीर्घकाळची पायमल्ली, इतर सर्व उपाय थकलेले असणे, अधिक मोठा अनर्थ न ओढवणे, यशाची साधार आशा, आणि याहून चांगला मार्ग दृष्टीस न पडणे. या पाचही अटी एकत्र पुऱ्या व्हाव्या लागतात.

या कसोटीवर वसाहतींचे बंड कितपत उतरते? दुसऱ्या अटीवर ते बरेचसे उतरते, दहा वर्षांचे अर्ज त्याची साक्ष देतात. प्रतिनिधींच्या सभेने निर्णय घेतला, हीही जमेची बाजू. पहिल्या अटीवर मात्र आम्ही अडखळतो. चहावरचा तीन पेनींचा कर म्हणजे घोर जुलूम नव्हे. सनदा मोडणे आणि बंदर बंद करून एका शहराची उपासमार करणे हे अधिक गंभीर होते. युवकांना आम्ही एवढेच सांगितले, की प्रत्येक बंड पाप नसते, प्रत्येक बंड पुण्यही नसते. परंतु त्या इतिहासात आणखी एक कसोटी दडलेली आहे, आणि ती आम्हांला या पाचांइतकीच महत्त्वाची वाटते. जो आपला अर्ज न वाचल्याबद्दल राजावर उठतो, तो आपल्या हाताखालच्या माणसाचा अर्ज वाचतो काय?

त्या वेळी वसाहतींत सुमारे पंचवीस लाख लोक राहत होते. त्यांपैकी जवळजवळ पाच लाख आफ्रिकी वंशाचे गुलाम होते. जानेवारी १७७७ मध्ये प्रिन्स हॉल आणि त्यांच्या सोबत्यांनी मॅसॅच्युसेट्सच्या विधिमंडळाला अर्ज केला. ज्या तत्त्वांवर तुम्ही इंग्लंडशी लढत आहात तीच तत्त्वे आमच्या मुक्ततेची मागणी करतात, असे त्यांनी लिहिले. विधिमंडळाने निर्णय लांबणीवर टाकला. मॅसॅच्युसेट्समध्ये पुढे न्यायालयाच्या निकालांनी गुलामगिरी संपली, हे खरे. पण १७७९ साली न्यू हॅम्पशायरमधील वीस गुलामांनी असाच अर्ज केला, तेव्हा या प्रश्नाची वेळ अजून आलेली नाही, असे म्हणून तो बाजूला ठेवण्यात आला. त्या वीसांपैकी चौदा माणसे गुलामीतच मेली. २०१३ साली त्या राज्याने कायदा करून त्यांना मरणोत्तर मुक्त केले. अर्ज पोहोचून उत्तर यायला दोनशे तेहतीस वर्षे लागली!

स्वतः फ्रँकलिन यांनीही एके काळी गुलाम बाळगले होते. वृद्धापकाळी त्यांचे मन बदलले. फेब्रुवारी १७९० मध्ये त्यांच्या सहीचा एक अर्ज नव्या राष्ट्राच्या काँग्रेसपुढे आला. गुलामगिरी नष्ट करण्यासाठी पावले उचला, अशी त्यात विनंती होती. सभागृहात वादंग झाले आणि अखेर, हा विषय आमच्या अधिकारात बसत नाही, असे उत्तर मिळाले. दोन महिन्यांनी फ्रँकलिन वारले. सोळा वर्षांपूर्वी त्यांच्या हातातील अर्ज राजाच्या माणसांनी फेटाळला होता. या वेळी फेटाळणारे त्यांचेच सहकारी होते, त्याच अन्यायाविरुद्ध लढून स्वतंत्र झालेले.

आम्हां कॅथलिकांचाही या कथेशी संबंध आहे. १७७४ साली पार्लमेंटने क्वेबेकमधील कॅथलिकांना धर्मस्वातंत्र्य दिले, तेव्हा वसाहतींच्या काँग्रेसने इंग्लंडच्या जनतेला लिहिलेल्या पत्रकात आपल्या धर्माची कठोर निंदा केली. चारपाच दिवसांनी त्याच काँग्रेसने क्वेबेकच्या लोकांना बंधुभावाचे गोड पत्र लिहिले! मेरीलँडमध्ये कॅथलिकांना मतदानाचा वा पदाचा अधिकार नव्हता. तरीही त्या वसाहतीचे चार्ल्स कॅरल यांनी जाहीरनाम्यावर सही केली. सही करणाऱ्यांत ते एकटेच कॅथलिक. त्यांचे आप्त फादर जॉन कॅरल पुढे बाल्टिमोरचे पहिले बिशप झाले. युद्धाने कॅथलिकांसाठी दार उघडले, गुलामांसाठी बहुतेक ठिकाणी उघडले नाही. मूळ रहिवाशांची स्थिती तर अधिकच बिकट झाली. त्यांच्या भूमीकडे सरकणाऱ्या वस्तीला राजाने १७६३ साली सीमा घातली होती आणि ती सीमा हीसुद्धा वसाहतकारांच्या तक्रारींपैकी एक होती. युद्धानंतर सुमारे साठ हजार राजनिष्ठ माणसे घरदार सोडून परागंदा झाली.

यावरून त्या लोकांचे स्वातंत्र्य खोटे होते, असे आम्ही म्हणत नाही. ज्या तत्त्वाने ते उठले ते खरे होते आणि म्हणूनच प्रिन्स हॉल यांना ते त्यांच्याच तोंडावर उच्चारता आले. आमचा मुद्दा वेगळा आहे. माणूस खालून वर पाहतो तेव्हा त्याला न्याय स्वच्छ दिसतो. वरून खाली पाहताना त्याच माणसाची दृष्टी मंद होते. अन्याय सोसल्याने कोणी आपोआप न्यायी होत नाही. आज्ञा मागण्याचा अधिकार ज्याला आहे, त्याच्यावर ऐकण्याचे कर्तव्य आहे. ऐकणे म्हणजे प्रत्येक मागणी मान्य करणे नव्हे. पण ज्याला उत्तरच मिळत नाही, त्याला आपण माणसांत गणले जात नाही असे वाटते आणि तेथून पुढे त्याचे आज्ञापालन नुसते भय उरते.

तो कागद घेऊन आम्ही त्या आळीत गेलो. बोलणे अवघड होते. अंगठा उठविणाऱ्या दोघींपैकी एक आजी ओट्यावर वाल सोलीत होत्या. आम्ही क्षमा मागितली. त्या म्हणाल्या, "फादर, वेळ बदलली नसती तरी आम्ही ऐकलं असतं. पण तुम्ही 'नाही' तरी म्हणायचं होतं."

पॅरिश कौन्सिलमध्ये चर्चा झाली. त्या मिस्सेआधी आम्हांला एका कपेलात मिस्सा असते, त्यामुळे अर्धा तास काही साधला नाही. पंधरा मिनिटे साधली. अकरांपैकी सातजणींना आता गाडी मिळते, चौघींना मिळत नाही. त्यांचे काय करायचे, हा विचार अजून चालू आहे. पुढल्या रविवारी आम्ही उपवासकाळातील त्या प्रवचनाची आठवण देऊन, दोष आमचा होता, असे वेदीवरून सांगितले. ते सांगताना आमचा अधिकार कमी झाला, असे आम्हांला वाटले नाही.

घराघरांत असे अर्ज पडलेले असतात. सगळेच कागदावर नसतात. सुनेने दोनदा काढून सोडून दिलेला विषय, मुलाने जेवताना विचारलेला आणि आपण रागावून मिटविलेला प्रश्न, मळ्यात राबणाऱ्या मजुराने मजुरीविषयी दबक्या आवाजात काढलेले शब्द, हे सारे अर्जच होत. आपल्यापैकी बहुतेकजण कोणाचे तरी अर्जदार आहेत आणि कोणाचे तरी राजे. पहिली भूमिका आपल्याला चांगली आठवते. दुसरीची आठवण राहण्यासाठी अधूनमधून खण आवरावा लागतो.